‘नवतपा’ला अडीच स्टार

बुधवार, ८ जानेवारी

विम्याच्या एजंटाने दिलेली डायरी आजपासून सुरू. दर पानाखाली एक सुविचार छापलाय. आजचा आहे, ‘मौन हे सर्वोत्तम उत्तर.’ रिटायर झालेल्या मराठीच्या मास्तराला असली डायरी देणारा एजंट एक तर भोळा असावा, नाही तर आमच्या सौभाग्यवती शरयूचा माणूस.

निशांतचा फोन आला होता. मला नव्हे, त्याच्या आईला. मला दोन वर्षांत आलेला नाही. मीही केलेला नाही, कारण बाप आधी फोन करत नसतो. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला अजून सापडलेलं नाही, पण पाळतो मात्र कडक.

दोन वर्षांपूर्वी चिरंजीवांनी फार्मसीचं शेवटचं वर्ष सोडलं आणि बोरच्या जंगलाकडे निघून गेले. कशासाठी, तर रानाचे आवाज टिपायला! लोक वाघाचा फोटो काढतात, आमच्या दिवट्याला वाघ गेल्यावर पाचोळा कसा वाजतो ते ऐकायचं होतं. मी त्याचं ते रेकॉर्डिंगचं यंत्र माळ्यावर टाकलं होतं. म्हटलं, आधी परीक्षा, मग पाखरं. त्यानं शिडी लावली, यंत्र काढलं, शिडी परत जागेवर ठेवली आणि गेला. शिडी जागेवर ठेवून गेला हेच मला जास्त लागलं.

तर फोन. शरयू म्हणाली, “संक्रांतीला घरी येईन म्हणतो. फक्त त्याआधी तुम्ही ‘नवतपा’ बघावा आणि काय वाटलं ते त्याला सांगावं. एवढंच मागितलंय पोरानं.”

‘नवतपा’ हा शुक्रवारी लागणारा सिनेमा. मे अखेरच्या त्या नऊ जाळणाऱ्या दिवसांत एक तरुण परीक्षा सोडून एकटा जंगलात चालत जातो, अशी गोष्ट. दिग्दर्शक अंकुश म्हणून कुणी सेलूकडचा पोरगा आहे. म्हणजे स्वतःच्या वेडेपणाला पुरावा म्हणून दुसऱ्या वेड्याचा सिनेमा. वा!

मी म्हटलं, “बघायचा काय, परीक्षणच लिहायचंय मला.”

“या वेळी बघून लिहा हो,” शरयू म्हणाली. मी मौन हे सर्वोत्तम उत्तर दिलं.

गुरुवार, ९ जानेवारी

ही डायरी कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो. ‘दैनिक धामकाठ’मध्ये अकरा वर्षं माझं ‘पडद्यापल्याड’ हे सदर येतं. त्यातले निम्म्याहून जास्त सिनेमे मी पडद्याच्या अलीकडूनही पाहिलेले नाहीत.

यात लबाडी नाही, पद्धत आहे. सिनेमा लागतो शुक्रवारी दुपारी. पुरवणीचं पान गुरुवारी संध्याकाळी छपाईला नागपूरला जातं. आणि संपादक बापूरावांचा बाणा असा की, “सर, शुक्रवारचा सिनेमा शुक्रवारच्याच पेपरात पायजे. आपण पयले!” मग आपण ट्रेलर पाहतो, पोस्टर पाहतो, दिग्दर्शकाची एखादी मुलाखत चाळतो आणि लिहितो. पूर्वार्ध थोडा रेंगाळतो. उत्तरार्ध पकड घेतो. संकलनाची कात्री अधिक धारदार हवी होती. पार्श्वसंगीत कथेला पूरक. अडीच स्टार. अकरा वर्षांत एकाही माणसानं हरकत घेतलेली नाही. हे माझं यश म्हणावं की मराठी सिनेमाचं, देव जाणे.

‘नवतपा’चा ट्रेलर मात्र चारदा पाहिला. सागाची वाळकी पानं, तापलेले दगड, नदीच्या कोरड्या पात्रात हातानं झिरा खणणारा पोरगा. मागे एक गाणं. आणि मधेच पडद्यावर न दिसणाऱ्या बापाचा आवाज: “साडेसात झाले. राजे उठले का? की पाखरं येऊन उठवणार आहेत?”

शरयू कणीक मळता मळता थांबली. “हा आवाज ओळखीचा नाही वाटत तुम्हाला?”

“असेल कुणी नागपूरचा हौशी नट. ऐक ना, किती ओरडतोय. नाकातून बोलतोय मेला.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग कणीक अशी काही तिंबली की पोळ्या मऊसूत झाल्या.

लिहायला बसलो आणि हात थांबेना. असल्या सिनेमांत पोरं शेवटी मरतातच. मरणाशिवाय टाळ्या कशा मिळणार? डोळ्यांसमोर आमचा दिवटा येत होता, आणि उद्या हा सिनेमा पाहून आणखी दहा दिवटे जंगलात जातील असं वाटत होतं. समाजाप्रति लेखकाची काही जबाबदारी असते. लिहून टाकलं: ‘शेवटी नायकाचा तडफडून होणारा मृत्यू दाखवून दिग्दर्शकाने बेजबाबदारपणाचे उदात्तीकरण केले आहे. पार्श्वसंगीताचा अतिरेक कानाला त्रास देतो. बापाचा आवाज देणारा नट कमालीचा कृत्रिम असून खऱ्या आयुष्यात कोणताही बाप असे बोलत नाही.’

अडीच स्टार. दोनच देणार होतो, पण निशांतनं सांगितलेला सिनेमा म्हणून अर्धा वाढवला. बाप आहे शेवटी.

शुक्रवार, १० जानेवारी

छापून आलं, फोटोसकट. फोटो बारा वर्षांपूर्वीचा असल्यामुळे फारच विचारी दिसतो.

पिपरी मेघेच्या चौकातल्या टपरीवर दोघांनी अभिनंदन केलं. “सर, बरं झोडपलं!” मी नम्रपणे दुसरा चहा घेतला. बापूरावांचा फोन आला, “सर, काय लिवलं जी! पोट्ट्याईच्या मायबापाचे फोन येऊन राह्यले मले.”

तीनचा शो पाहावा असं मनात होतं, कारण निशांतला ‘पाहिला’ म्हणायचंय. पण निकाल लावून झाल्यावर पेपर तपासायला बसण्यात काय अर्थ? पुढल्या आठवड्यात बघू.

शरयूनं पेपर वाचला, घडी केली आणि साडेअकरालाच घराबाहेर पडली. भजनी मंडळ आहे म्हणे. आली तीन वाजता, डोळे लाल. पर्समधून मक्याच्या लाह्यांचा एक दाणा पडला. आजकाल भजनात प्रसादाला काय काय वाटतात!

मी म्हटलं, “राणीसरकार, चहा मिळेल का? की सूर्य मावळल्यावर दरबार भरणार?” चहा आला. चहात साखर नव्हती.

रविवार, १२ जानेवारी

बोरगाव मेघेचे नानाजी सकाळी सकाळी दारात. सत्तरीचे गृहस्थ, आठ एकर शेती, सिनेमाचा भारी शौक. शेतातल्या तुरीच्या हिरव्या शेंगा पिशवीभर घेऊन आलेले. पिशवी शरयूला दिली आणि बसायच्या आधीच मला म्हणाले, “गुरुजी, तो पोट्टा मेला कुठी?”

“कोणता पोट्टा?”

“नवतप्याचा! तुमी पेपरात लिवलं, तडफडून मरते म्हून. मले रडाचा पिक्चर लय आवडते. टावेल घेऊन गेलतो बोरगावहून. शेवटपर्यंत बसलो, पाट्या सरल्या, लाइट लागले, पोट्टा जित्ताच! मी त्या डोअरकीपरले म्हटलं, राजा, तुमी शेवट कापला काऊन? तो हासून राह्यला मलेच.”

चोरी पकडली गेली होती. तरी अकरा वर्षांचा सराव. “नानाजी, मृत्यू प्रतीकात्मक आहे.”

“असं?” नानाजींनी विचार केला. “मंग तो घरी येऊन दार वाजवते, ते कोन वाजवते? भूत?”

शरयू आत शेंगा निवडत होती. तिच्या हसण्याचा आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकला. ऐकायची वेळ मात्र वाईट होती.

सोमवार, १३ जानेवारी

झाकली मूठ उघडली. त्या अंकुशनं माझ्या परीक्षणाचं कात्रण फोनवर सगळीकडे फिरवलंय. खाली एकच ओळ: ‘आमच्या नायकाचा मृत्यू झाल्याचे वर्ध्यातून कळले. आम्ही सारे शोकाकुल.’ नऊशे लोकांनी हसून घेतलं आहे. माझे तीन माजी विद्यार्थी त्यात आहेत. एकाला मी ग्रेस देऊन पास केला होता.

पण खरा घाव दुसराच. मुंबईच्या एका मोठ्या पेपरातलं परीक्षण कुणीतरी पाठवलं. साडेचार स्टार. त्यात लिहिलंय, ‘संपूर्ण चित्रपटात संगीताचा एकही सूर नाही. रानाचा आवाज हाच याचा नायक आहे.’ एकही सूर नाही! आणि मी लिहिलं, पार्श्वसंगीताचा अतिरेक. ट्रेलरमध्ये गाणं होतं हो! जाहिरातीसाठी लावलेलं असणार. नवरी न पाहताच तिच्या चेहऱ्यावरचा तीळ सांगायला गेलो मी.

बापूरावांना फोन केला. ते मजेत. “काऊन टेन्शन घेऊन राह्यले सर? पेपरचं नाव तं पार मुंबईले पोचलं!”

शरयू आजही भजनाला गेली. या वयात तिला भक्तीचा हा एवढा उमाळा का आला असावा? गुडघे दुखतात तिचे, तरी जाते. विचारलं तर म्हणाली, “तिथं बरं वाटतं कानाला.”

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

तिळाच्या वड्या झाल्या. नानाजींच्या शेंगांचे दाणे घालून सोलेभात झाला. शरयूनं सकाळपासून तिसरं ताट पाटावर मांडून ठेवलं होतं. मी फाटकाकडे बघत नव्हतो, फक्त झाडांना पाणी घालत होतो. चार वेळा घातलं. जास्वंदीच्या मुळाशी तळं झालं.

दीड वाजता शरयूच्या फोनवर निरोप आला. तिनं वाचून फोन माझ्या हातात दिला. ‘आई, बाबांचं परीक्षण वाचलं. त्यांना काय वाटलं ते कळलं. त्यांनी इतकं स्पष्ट लिहिलंय की आता सांगायचं काही राहिलं नाही. मी येत नाही. वड्या ठेव थोड्या.’

मी म्हटलं, “अगं, सिनेमा दुसऱ्याचा, राग याला कशाचा?”

शरयूनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एके काळी उत्तरपत्रिकेतल्या निबंधाकडे बघायचो. म्हणाली, “परवा गुरुवार. शेवटचा दिवस आहे, शुक्रवारी उतरणार. तीनचा शो. तिकीट मी काढून ठेवलंय, एकच. मी तीनदा पाहिलाय.”

म्हणजे भजनी मंडळ! तीन दिवस बायको नाकासमोरून सिनेमाला जात होती, आणि मी वर्ध्याचा चोखंदळ समीक्षक म्हणे! तिसरं ताट तिनं तसंच उचललं. जेवण मला गेलं नाही. तिलाही नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

पाहिला.

आता क्रमानं लिहितो.

टॉकीजमध्ये आम्ही तेरा जण. मी टोपी डोळ्यांवर ओढून मागे बसलो, कुणी ओळखू नये म्हणून. दारातच डोअरकीपर म्हणाला होता, “या सर, पोट्ट्याच्या तेरवीले आले का?”

सुरुवातीची दहा मिनिटं सवयीनं मनात परीक्षण लिहीत होतो. पूर्वार्ध रेंगाळतो. मग लक्षात आलं, रेंगाळत नाही, मलाच ऐकायची सवय नाही. पोरगा चालतो आणि सागाचं पान पायाखाली मोडतं. दुसरं मोडतं, ते वेगळं. लांब चितळ ओरडतं. तो झिरा खणतो आणि वाळूत पाणी जमतानाचा जो आवाज येतो, तो ऐकून मला तहान लागली. एकसष्ट वर्षं या जिल्ह्यात काढली, बोर धरणावर पंधरा सहली नेल्या. दर सहलीत ‘शांतता राखा’ म्हणून सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो.

सातव्या दिवशी पोरगा ताप येऊन झाडाखाली पडतो. मला वाटलं, मरतोय, सुटलो! खरंच वाटलं असं. सिनेमातल्या पोरानं मरावं, म्हणजे माझी अब्रू वाचावी. इतका मी खालच्या पायरीवर उतरलो होतो.

तो मरत नाही. तो पिशवीतून रेकॉर्डर काढतो आणि कानाला लावतो. पडद्यावर रान, आणि आवाज घरातला. कुकरची शिट्टी. नळाखाली बादली. कुणीतरी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचतंय आणि त्यातल्या चुका काढतंय. मला हसू आलं, म्हटलं, आहे एकेक विक्षिप्त माणूस. मग तो माणूस खाकरला. दोनदा, आणि तिसऱ्यांदा घसा साफ केल्यासारखा. मग नाकातून म्हणाला, “शरू, माझा चष्मा कुठाय?”

शरू.

पुढची पाच-सात मिनिटं मला सगळं धूसरच दिसलं. “साडेसात झाले, राजे उठले का” हे आलं तेव्हा मी तोंडात रुमाल धरला. तो पोरगा तापात पडलाय आणि माझं ते खेकसणं ऐकून त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. मग तो उठतो. माझ्या ओरडण्यानं उठतो आणि घराकडे चालायला लागतो. नवव्या दिवशी दार वाजवतो, आणि पडदा काळा. दार उघडलं की नाही ते दाखवतच नाहीत. आम्ही तेरा जण त्या काळ्या पडद्याकडे बघत तसेच बसलो.

पाट्यांमध्ये आलं: ध्वनी – निशांत अच्युत देशकर. झाडूवाली बाई येईपर्यंत मी उठलो नाही.

खऱ्या आयुष्यात कोणताही बाप असे बोलत नाही. छापून आणलंय मी, फोटोसकट.

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी एका दमात खुलासा लिहिला. ‘मी हा चित्रपट न पाहता परीक्षण लिहिले. गेली अकरा वर्षे बहुतेक चित्रपटांबाबत असेच केले. वाचकांची आणि कलाकारांची क्षमा मागतो. ज्या नटाला कृत्रिम म्हटले तो नट नसून मी स्वतः आहे.’ बापूरावांकडे घेऊन गेलो.

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. “सर, डोकं फिरलं का तुमचं? हे छापलं तं लोक मले धरतीन. ‘वाचकांच्या मागणीमुळे शेवट बदलला’ असं लिवू ना आपण!”

“बापूराव, हे नाही छापलं तर सदर बंद.”

“आन् हे छापलं तरी बंदच, का नाई?” ते बराच वेळ पेन वाजवत बसले. “ठेवून जा. कोपऱ्यात टाकतो, छोट्या अक्षरात.” मग मी उठताना म्हणाले, “पोरगा लय मोठं काम करून राह्यला सर तुमचा. मी बी पाह्यला नाई, पण सांगतेत लोक.”

घरी येऊन फोन घेऊन बसलो. शरयू मुद्दाम अंगणात गेली. तीनदा नंबर लावला, तीनदा कापला. एक सोपी वाट होती. म्हणायचं, ‘निशांत, पुन्हा पाहिला, माझं मत बदललं.’ पोरगा मानेल, अब्रूही राहील. खुलासा तर काय, बापूरावांकडून परत आणता आला असता. मी ते वाक्य दोनदा घोकलंसुद्धा. चौथ्यांदा फोन लागला.

“बोला.” आवाज जाड झालाय त्याचा.

“मी बाबा.”

“माहीत आहे. नंबर आहे माझ्याकडे.”

मग तोच म्हणाला, “एकच विचारायचं होतं तुम्हाला. सिनेमा पाहताना तुमचा आवाज तुम्ही ओळखला होता का? ओळखूनही तसं लिहिलं? मी आठ दिवस हाच विचार करून राहिलो. तुम्हाला न विचारता घातला, हे माझं चुकलं. पण मला वाटलं होतं, तुम्हाला बरं वाटेल.”

बरं वाटेल! घोकलेलं वाक्य मी सोडून दिलं.

“निशांत, मी पाहिलाच नव्हता.”

“काय?”

“शुक्रवारी सिनेमा पाहिलाच नव्हता. ट्रेलरवरून लिहिलं. नेहमीच तसं लिहितो. काल पाहिला, पहिल्यांदा. मागच्या रांगेत बसून रडलो रे, बैलासारखा.”

मग तो हसला. हसता हसता त्याचा आवाज फुटला. “म्हणजे तुम्ही माझ्या कामाला वाईट म्हणालाच नाही?”

“नाही रे बाबा. मी फक्त खोटारडा आहे.”

“हे तर फारच बरं झालं,” तो म्हणाला आणि नाक ओढलं.

मग त्यानं विचारलं, “कसा वाटला?” अकरा वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं. सगळे ‘कसं लिहिलं’ तेच सांगायचे. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध दोन्ही डोक्यातून गेले होते. मी त्याला त्या झिऱ्यात पाणी जमण्याचं सांगत बसलो. तो म्हणाला, ती जागा हिंगणीच्या पुढे आहे, सतरा रात्री लागल्या त्या एका आवाजाला. मी विचारलं, शेवटी दार उघडतं की नाही? म्हणाला, “अंकुशनं खूप विचारलं मला. म्हटलं, मला ठाऊक नाही, कापून टाक तिथंच.”

मी म्हटलं, “उघडंच आहे. तू ये.”

तो म्हणाला, “इथं काम आहे बाबा, महिनाभर सुटका नाही. तुम्हीच या ना. पण आमची खोली पत्र्याची आहे. पहाटे चारला उठावं लागतं. दोन-दोन तास एक शब्द न बोलता बसायचं. तुम्हाला नाही आवडणार.”

“अरे, न बघता कसं सांगू?” मी म्हटलं. “उद्या सकाळच्या गाडीनं निघतो.”